लॅपटॉप सुरू होतो, पण दप्तर सापडत नाही: बडोद्यातल्या एका घरातलं एनएफएसचं प्रकरण

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी घरात मोडी कागदपत्रांचं स्कॅनिंग चालू आहे. कागद घराण्याचेच आहेत. गायकवाडी काळातली पत्रं, वराती (पैसे देण्याचे हुकूम), जमाखर्चाचे बंद (कागद), लग्नाच्या याद्या, सगळं कापडी रुमालांत बांधलेलं. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा हे रुमाल नदीच्या बाजूला राहणाऱ्या लेकीकडे पत्र्याच्या पेटीत होते. पेटीचा तळ भिजला, दोन रुमालांच्या कडा गेल्या, बाकीचं वाचलं. त्यानंतर घरातल्या आबांनी ठरवलं, की आता एकेक पान संगणकात घ्यायचं. या वयात रोज सकाळी दोन तास ते स्कॅनरपुढे बसतात. म्हणून या घरात एखादी फाइल दिसेनाशी होणं ही किरकोळ तांत्रिक कुरबूर राहत नाही.

मांडणी साधी होती. वरच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, त्याला यूएसबीनं जोडलेली मोठी डिस्क. हा घरचा सर्व्हर. खाली दिवाणखान्यात स्कॅनर आणि केडीई डेस्कटॉप असलेला लिनक्स लॅपटॉप. आबा लॅपटॉपवर स्कॅन करतात, पानं होम फोल्डरमधल्या ‘दप्तर’ या फोल्डरमध्ये जातात, आणि हे दप्तर म्हणजे सर्व्हरवरची डिस्क, एनएफएसनं (दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर नेटवर्कवरून आपल्याच फोल्डरसारखा वापरण्याची पद्धत) लॅपटॉपवर जोडलेली. दोन्हीकडे लिनक्स असल्यामुळे साम्बाच्या, म्हणजे विंडोजशी जुळणाऱ्या पद्धतीच्या, वाटेला न जाता एनएफएस घेतलं हे योग्यच होतं. पुण्याहून सुट्टीत आलेल्या नातवानं हे बसवलं, आणि त्याच्या परीनं नीट बसवलं. सर्व्हरवर निर्यातीची ओळ (कुठला फोल्डर कुणाला द्यायचा), लॅपटॉपच्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीत, जोडणीची ओळ, लॅपटॉप सुरू झाला की दप्तर आपोआप हजर. त्यानं हे सगळं तपासलं तेव्हा लॅपटॉपला लॅनची केबल लावलेली होती. प्रकरणाचं मूळ या केबलीत आहे.

माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारी तीन होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. सूनबाई म्हणाल्या, लॅपटॉप कधी कधी सुरू व्हायला फार वेळ घेतो, काळ्या पडद्यावर लाल तारे इकडून तिकडे फिरत राहतात. दुसरी तक्रार अशी, की कधी तो झटक्यात सुरू होतो, पण दप्तरात चारच पानं दिसतात. तिसरी आबांची, आणि तीच खरी: ‘अरे, कालची पानं मी माझ्या हातानं ठेवली. सूनबाईनं पाहिली. आज नाहीत. मग गेली कुठं?’

अशा वेळी पहिला मोह डिस्क खराब झाली असं म्हणण्याचा असतो. डिस्कची तपासणी मी केली, ती ठणठणीत निघाली. मग लॅपटॉपचे जुने लॉग, म्हणजे नोंदी, काढले. सिस्टिमडी (सगळ्या सेवा क्रमानं सुरू करणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्सवर जर्नलसीटीएल या आज्ञेनं मागच्या प्रत्येक बूटचा, म्हणजे संगणक सुरू होण्याचा, लॉग वेगळा वाचता येतो, आणि फक्त दप्तराच्या माउंट युनिटपुरता, म्हणजे दप्तर जोडण्याच्या कामापुरता, गाळताही येतो. तसा गाळून वाचल्यावर दिसलं, की या लॅपटॉपच्या सकाळी तीन प्रकारच्या आहेत.

पहिल्या प्रकारात केबल लावलेली आणि वरचा सर्व्हर चालू. दप्तर क्षणात जोडलं जातं.

दुसऱ्या प्रकारात केबल आहे, पण सर्व्हर बंद. रात्री वीज जाऊन आली की तो डेस्कटॉप आपणहून सुरू होत नव्हता, कुणीतरी वर जाऊन बटण दाबावं लागे. अशा सकाळी लॅपटॉपकडे नेटवर्क असतं, पण समोरून उत्तर येत नाही. एनएफएसची माउंट आज्ञा अशा वेळी हार मानत नाही, ती मुळात 2 मिनिटं पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. सिस्टिमडीची मर्यादा मात्र 90 सेकंदांची. ती आधी संपते आणि सिस्टिमडी माउंट आज्ञेला थांबवतं. तोवर लॉगिनचा पडदाही येत नाही, कारण वापरकर्त्याला आत घेणारी सेवा ‘रिमोट-एफएस’ हा टप्पा पूर्ण होण्याची वाट पाहते, आणि एफएसटॅबमधली एनएफएसची ओळ त्या टप्प्याचा भाग असते. फिरणारे तारे म्हणजे ही दीड मिनिटं.

तिसऱ्या प्रकारात केबल नाही, फक्त वाय-फाय. आबांना केबल पायात येते म्हणून सूनबाईंनी ती काढून ठेवली होती, तेव्हापासून बहुतेक सकाळी याच प्रकारच्या. या सकाळी लॅपटॉप सर्वांत लवकर सुरू होत होता आणि सर्वांत जास्त नुकसान त्याच सकाळी होत होतं.

वाय-फायचा पासवर्ड केडीईच्या वॉलेटमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या कुलूपबंद साठ्यात होता, फक्त या वापरकर्त्यासाठी. वॉलेट उघडतं लॉगिननंतर. म्हणजे बूट होताना नेटवर्क जोडणाऱ्या नेटवर्कमॅनेजरकडे पासवर्डच नसतो. वाय-फाय जोडलं जात नाही, लॅपटॉपला कुठलाही पत्ता मिळत नाही, आणि माउंट आज्ञा ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ म्हणून तिथल्या तिथे बाद होते. पुन्हा प्रयत्न नाही, वाट पाहणं नाही. काही सेकंदांनी लॉगिन होतं, वॉलेट उघडतं, वाय-फाय जोडलं जातं, कोपऱ्यातलं चिन्ह भरतं. पण एकदा अयशस्वी झालेलं माउंट युनिट कुणी पुन्हा चालवत नाही. आबांना वाय-फाय दिसतं, दप्तर नावाचा फोल्डर दिसतो, आणि त्यात सर्व्हरवरचं एकही पान नसतं.

या ठिकाणी नातवानं विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. त्यानं फोनवर विचारलं, ‘पण काका, सिस्टिमडी नेटवर्क-ऑनलाइनची वाट पाहतं ना? मग वाय-फायच्या आधीच माउंट का चालवलं?’ वाट पाहतं हे खरं आहे. एफएसटॅबमध्ये प्रकार एनएफएस लिहिला, की ‘नेटडेव्ह’ हा पर्याय न लिहिताही ती ओळ नेटवर्कची आहे हे सिस्टिमडी ओळखतं आणि नेटवर्क-ऑनलाइन या टप्प्यानंतरच तिला हात घालतं. पण तो टप्पा नेटवर्कमॅनेजरच्या ज्या सेवेवर उभा आहे ती एवढंच विचारते, की सुरुवातीला ज्या जोडण्या करणं शक्य होतं त्या करून झाल्या का? पासवर्डविना अडलेलं वाय-फाय त्या हिशेबात येत नाही. करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणजे काम झालं, असं ती सांगते. सर्व्हरपर्यंत वाट मोकळी आहे याची हमी या टप्प्यानं कधीच दिलेली नसते. केबल असो वा वाय-फाय, हे लक्षात ठेवूनच मांडणी करावी लागते.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सनं 1984 च्या सुमारास घडवलं. दुसऱ्या आवृत्तीचं वर्णन 1989 च्या आरएफसी 1094 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, तिसरीचं 1995 च्या आरएफसी 1813 मध्ये. ज्या यंत्रांसाठी ते घडलं ती कार्यालयातल्या टेबलावर कायम तारेला जोडलेली वर्कस्टेशनं होती. सर्व्हर बंद पडला तर तो परत येईपर्यंत थांबायचं आणि आल्यावर जिथे होतो तिथून पुढे जायचं, हा त्या रचनेचा स्वभाव. त्या परिस्थितीत तो फार शहाणपणाचा होता आणि आजही आहे. लॅपटॉपचं तसं नाही. तो आज दिवाणखान्यात, उद्या लेकीच्या घरी, परवा रेल्वेत. म्हणून माझं ठाम मत असं, की लॅपटॉपवर नेटवर्कचा शेअर, म्हणजे असा जोडलेला फोल्डर, बूटच्या साखळीत ठेवूच नये. एफएसटॅबमध्ये ओळ असावी, पण तिनं बूटला धरून ठेवू नये, आणि शेअर नसेल तेव्हा तो नाही हे वापरणाऱ्याला स्पष्ट दिसावं.

आता गेलेली पानं.

दप्तर हा माउंट पॉइंट, म्हणजे जोडणीची जागा, नातवानं आबांच्या होम फोल्डरमध्ये केला होता. फोल्डर आबांच्या मालकीचा, त्यात लिहायची त्यांना मुभा. शेअर जोडलेला नसेल तेव्हा तो लॅपटॉपच्या डिस्कवरचा एक साधा फोल्डर असतो. स्कॅनिंगच्या प्रोग्रामला त्यातला फरक कळायचं कारण नाही. त्यानं निमूटपणे पानं तिथेच ठेवली. पुढे कधीतरी केबल लागली, सर्व्हरची डिस्क त्याच फोल्डरवर जोडली गेली, आणि आधीची पानं तिच्या खाली झाकली गेली. पुसली नाहीत, हरवली नाहीत, फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट बंद झाली. शेअर सोडवला, की ती पुन्हा दिसतात, आणि मग सर्व्हरवरची दिसत नाहीत. दोन्ही एकाच वेळी पाहायची असतील तर मूळ फाइल प्रणाली दुसऱ्या एखाद्या रिकाम्या जागी बाइंड माउंट करायची, म्हणजे तिथूनही दिसेल अशी जोडायची. तिथे वरची जोडणी येत नाही, खालचं सगळं उघडं दिसतं. मी तसंच केलं. आबा शेजारी बसले होते. पानांच्या लहान प्रतिमांची रांग पडद्यावर उमटली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘ही बघ, ही मंगळवारची.’

इथे घाई झाली असती तर खरं नुकसान त्या क्षणी झालं असतं. सापडलेली पानं उचलून सर्व्हरवर टाकावी, हे कुणालाही सुचेल. पण स्कॅनिंगचा प्रोग्राम फोल्डरमध्ये शेवटचा क्रमांक पाहून पुढचा क्रमांक देतो. फोल्डर रिकामा दिसला, की तो पुन्हा 0001 पासून सुरुवात करतो. लॅपटॉपवर एक 0003 होतं आणि सर्व्हरवरही एक 0003 होतं. सर्व्हरवरचं 0003 म्हणजे एका पत्राचं दुसरं पान, वरच्या कडेला टाचणीचा गंज. लॅपटॉपवरचं 0003 म्हणजे जमाखर्चाचा बंद, खालचा डावा कोपरा पुराच्या पाण्यानं तपकिरी झालेला, शाई पसरलेली. एकावर एक ठेवलं असतं तर पत्राचं पान कायमचं गेलं असतं, आणि नाव तेच असल्यामुळे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणून सापडलेलं सगळं आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखा आणि वेळा जशाच्या तशा ठेवून उतरवलं. आरसिंक या प्रती करणाऱ्या प्रोग्रामचा संग्रहण पर्याय हे बरोबर करतो. मग दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) काढून पाहिलं, की एकच पान दोनदा आलं आहे का. काही पानं आलीच होती, कारण गायब झालेली पाहून आबांनी ती पुन्हा स्कॅन केली होती. अशा जोड्यांचे चेकसम जुळत नाहीत, दोन्ही स्कॅन वेगवेगळे असतात, म्हणून ती छाननी डोळ्यांनीच करावी लागली. ते काम आबांनी केलं. कुठला बंद कुठल्या रुमालातला हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं. क्रमांकांपुढे रुमालाचं नावही त्यांनीच लावायला सांगितलं, आणि ती पद्धत आता कायम केली आहे.

दुरुस्तीची सुरुवात लॅपटॉपपासून केली. माउंट पॉइंट होम फोल्डरमधून काढून ‘एमएनटी’ या जोडण्यांसाठीच्या फोल्डरखाली नेला. होममध्ये शेअर ठेवण्याचा आणखी एक तोटा असतो: जोडलेला शेअर अडकला, की फाइल व्यवस्थापक नुसता होम उघडला तरी त्या फोल्डरची विचारपूस करायला जातो आणि तोही अडकतो. होममध्ये त्याचा शॉर्टकटही ठेवला नाही, त्याच कारणानं. स्कॅनिंगच्या प्रोग्रामलाच नवी जागा दिली.

एफएसटॅबच्या ओळीत चार पर्याय घातले. पहिला आणि मुख्य ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’. त्यानं बूटच्या वेळी सर्व्हरकडे कुणी जातच नाही. फोल्डरच्या जागी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक पहारा बसतो, आणि कुणी त्या फोल्डरमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं, की त्याच क्षणी जोडणी होते. आबा दप्तर उघडतात तोवर वॉलेट उघडलेलं असतं, वाय-फाय आलेलं असतं. वाय-फायचा पासवर्ड सगळ्या वापरकर्त्यांसाठी उघडा ठेवण्याचा उपाय मी मुद्दाम टाळला. त्यानं बूटच्या वेळी वाय-फाय आलं असतं, पण मूळ अडचण तशीच राहिली असती: सर्व्हर बंद असला की पुन्हा तेच तारे.

दुसरा ‘एक्स-सिस्टिमडी.माउंट-टाइमआउट’, 15 सेकंदांचा. घरच्या नेटवर्कवर 15 सेकंदांत उत्तर आलं नाही तर ते येणार नाही, असं समजायला हरकत नाही. तिसरा ‘एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट’, 5 मिनिटांचा. दप्तराला 5 मिनिटं कुणी हात लावला नाही, की शेअर आपोआप सोडवला जातो. लॅपटॉपसाठी हा पर्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो. झाकण मिटून लॅपटॉप लेकीच्या घरी नेला आणि तिथे उघडला, तर जोडलेला शेअर जुन्या सर्व्हरला हाका मारत बसतो. आधीच सोडवलेला असेल तर हाक मारायला काही उरत नाही. चौथा ‘नोफेल’, जोडणी फसली तरी बूट अडू नये म्हणून. बऱ्याच जुन्या मार्गदर्शनांत ऑटोमाउंटबरोबर ‘नोऑटो’ही लिहिलेला आढळतो. ऑटोमाउंट असताना त्याचा काही परिणाम होत नाही, म्हणून तो घातला नाही.

ओळ बदलली, की सिस्टिमडीला ती पुन्हा वाचायला सांगावी लागते, त्यासाठी सिस्टिमसीटीएलची डीमन-रीलोड आज्ञा. मग त्या फोल्डरच्या नावाचं ऑटोमाउंट युनिट सुरू करायचं. पुष्कळजण इथे नुसतं माउंट चालवून पाहतात, ते चालतं, आणि पुढच्या बूटला भलतंच काही होतं. चाचणी ऑटोमाउंट युनिटचीच करावी.

ऑटोमाउंटनं आणखी एक गोष्ट मिळते. सर्व्हर नसताना त्या फोल्डरमध्ये लिहायला गेलं, की पहारा त्रुटी देतो. पानं गुपचूप लॅपटॉपवर उतरत नाहीत. पण यावर सर्वस्वी विसंबू नये, आणि याचं कारण कमी जणांना माहीत असतं. थोड्या वेळात जोडणी वारंवार फसली, तर सिस्टिमडी प्रयत्न करणंच बंद करतं. मुळातली मर्यादा 10 सेकंदांत 5 वेळा अशी आहे. सर्व्हर उत्तर देत नसेल तर प्रत्येक प्रयत्न 15 सेकंद खातो, त्यामुळे ही मर्यादा गाठली जात नाही. नेटवर्कच नसेल तर मात्र प्रयत्न क्षणात बाद होतो, आणि फाइल व्यवस्थापकानं चार-पाचदा डोकावलं, की मर्यादा संपली. मग ऑटोमाउंट युनिट अयशस्वी ठरतं, पहारा उठतो, आणि फोल्डर पुन्हा साधा रिकामा फोल्डर होतो. म्हणजे जिथून सुरुवात झाली तिथेच परत.

त्यासाठी माउंट पॉइंटवर, शेअर सोडवलेला असताना, चॅटर या आज्ञेनं ‘न बदलता येणारा’ हा गुणधर्म लावला. आता शेअर जोडलेला नसेल तर त्या फोल्डरमध्ये रूटलाही, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही, काही लिहिता येत नाही. त्यावर शेअर जोडायला मात्र या गुणधर्माची आडकाठी नसते. एका आज्ञेचं काम आहे, आणि नेटवर्कच्या प्रत्येक माउंट पॉइंटवर ते करावं असं मी सगळ्यांना सांगतो. आबांना दाखवलं: सर्व्हर बंद करून स्कॅन केलं, प्रोग्रामनं साठवता येत नसल्याची खिडकी उघडली. ते म्हणाले, ‘चालेल. निदान कळेल तरी.’

हार्ड की सॉफ्ट, हा प्रश्न नातवानं काढला. मूळ पर्याय हार्ड आहे: सर्व्हर गप्प झाला, की प्रोग्राम तो परत येईपर्यंत थांबतो. सॉफ्टमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामला त्रुटी मिळते आणि तो मोकळा होतो. लॅपटॉपसाठी सॉफ्ट सोयीचा वाटतो, आणि नुसतं वाचायचं असेल तर तो ठीकही आहे. लिहिताना तो धोक्याचा आहे. लिहिणं अर्ध्यावर तुटतं, आणि ती त्रुटी प्रोग्रामनं नीट हाताळली नाही, तर अर्धवट फाइल पूर्ण असल्यासारखी राहून जाते. आबांची पानं लिहिली जाणार आहेत, म्हणून हार्डच ठेवला. अडकून राहण्याचा त्रास आयडल-टाइमआउटनं बराच कमी होतो, आणि अगदीच अडकलं तर आळशी सोडवणूक, म्हणजे अमाउंटचा लेझी पर्याय, आहेच.

सर्व्हरकडेही याच आजाराची दुसरी बाजू होती. तिथली यूएसबी डिस्क सर्व्हर सुरू होताना कधी उशिरा ओळखली जाई. ती जोडली गेली नसेल तर एनएफएस बिचारं त्या जागेचा रिकामा फोल्डरच निर्यात करतं, आणि लॅपटॉपला सगळं सुरळीत दिसतं. त्याला उपाय निर्यातीच्या ओळीतला ‘एमपी’ हा पर्याय: त्या जागी खरोखर डिस्क जोडलेली असेल तरच निर्यात कर. तो घातला. डिस्क युनिक ओळखीनं, यूयूआयडीनं, जोडली, यूएसबीच्या क्रमानं नाही. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू केला. दुसऱ्या प्रकारच्या सकाळी तिथेच संपल्या.

निर्यात आधी घरातल्या सगळ्या पत्त्यांना खुली होती. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलं तेच वाय-फाय वापरतात. एनएफएसची साधी पद्धत समोरच्या यंत्रानं सांगितलेल्या वापरकर्ता-क्रमांकावर विश्वास ठेवते, पासवर्ड विचारत नाही. म्हणून निर्यात फक्त लॅपटॉपच्या पत्त्यांना दिली. पत्ते दोन, कारण केबलचं कार्ड वेगळं आणि वाय-फायचं वेगळं. दोन्ही पत्ते आणि सर्व्हरचाही राउटरमध्ये राखून ठेवले. निर्यातीच्या फाइलीत पत्ता आणि कंस यांच्यामध्ये जागा सुटलेली नाही हेही पाहिलं. तिथे एक मोकळी जागा राहिली, की कंसातले अधिकार त्या पत्त्याला न मिळता साऱ्या जगाला मिळतात, आणि फाइल वाचताना डोळ्याला ते दिसत नाही. इथे ती चूक नव्हती.

मालकीचा घोळ मात्र होता. लॅपटॉपवर आबांचा क्रमांक 1000, सर्व्हरवर 1001. सर्व्हरवर 1000 म्हणजे नातू. आबांची सगळी पानं सर्व्हरवर नातवाच्या नावे पडली होती. एकाच माणसानं लिहायचं असलेल्या शेअरला सोपा उपाय म्हणजे सगळ्यांना एकच वापरकर्ता मानणारा ‘ऑल-स्क्वॉश’, आणि त्याच्या जोडीला ‘अ‍ॅनॉनयूआयडी’मध्ये 1001. कुणीही लिहिलं तरी मालक आबा. जुन्या फाइलींची मालकी एकदाच बदलून दिली.

शेवटी एक छोटी स्क्रिप्ट केली आणि तिचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवलं. सर्व्हरच्या डिस्कवर एक खुणेची फाइल आहे. चिन्हावर क्लिक केलं, की स्क्रिप्ट आधी ती खूण शोधते. सापडली तर स्कॅनिंगचा प्रोग्राम उघडते. नाही सापडली तर मोठ्या अक्षरांत सांगते: ‘दप्तर जोडलेलं नाही. वरचा संगणक चालू आहे का पाहा.’ खूण डिस्कवरच असल्यामुळे लॅपटॉपची जोडणी फसली काय किंवा सर्व्हरची डिस्क गायब झाली काय, दोन्ही एकाच प्रश्नात कळतं. फाइल व्यवस्थापकाच्या बाजूच्या पट्टीत दप्तराची खूण होती ती काढून टाकली, नाहीतर प्रत्येक खिडकी उघडताना तिचा पहाऱ्याला धक्का लागला असता.

मग सगळे प्रकार मुद्दाम घडवून पाहिले: केबल असताना, नसताना, सर्व्हर बंद असताना, स्कॅन करता करता सर्व्हरची वीज काढून, झाकण मिटून दुसऱ्या नेटवर्कवर उघडून. लॉगिनचा पडदा प्रत्येक वेळी सारख्याच वेळात आला. सर्व्हरची वीज काढली तेव्हा चालू असलेलं पान थांबून राहिलं आणि सर्व्हर परत आल्यावर पूर्ण लिहिलं गेलं. चेकसम घेण्यासाठी ते पान पुन्हा स्कॅन करून उपयोग नव्हता, म्हणून आधीच लॅपटॉपवर असलेली एक मोठी फाइल त्याच रीतीनं, मध्येच वीज काढून, सर्व्हरवर उतरवली आणि दोन्हीकडचे चेकसम ताडले. जुळले.

दोन गोष्टी बाकी आहेत. लेकीच्या घरून दप्तर पाहता यावं अशी घरातल्यांची इच्छा आहे. त्यासाठी एनएफएसचं 2049 हे पोर्ट राउटरवर बाहेर उघडायला मी नकार दिला, वायरगार्डचा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खासगी, बोगदा करून त्यातूनच ते जाईल. आणि सर्व्हरच्या डिस्कची दुसरी प्रत अजून त्याच घरात, त्याच कपाटात आहे. ती दर महिन्याला लेकीकडे पाठवायची आणि तिथली इकडे आणायची असं ठरलं आहे. या वेळी वरच्या मजल्यावर ठेवायची, हेही आबांनी लेकीला बजावून सांगितलं आहे.